रांगेचं महत्त्व

मंडळी, श्रावणी सोमवारी भीमाशंकरला दर्शनाच्या रांगेत उभा होतो, आणि आठवला आमचा जुना ३८६ संगणक!

१५ ऑगस्ट १९९५ ला देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं. पुढे दादाची ई-मेल आली, "१२ ला पोचतो". पडद्यावर त्यातला १ गळाला आणि आम्ही २ तारखेलाच विमानतळावर! शिव्या खाल्ल्या फोनलाइननं.

दोष होता सीरियल पोर्टच्या ८२५० चिपचा. तिच्यात थांबायला जागा एकाच अक्षराची. ९६०० बिटच्या वेगाला साधारण दर मिलिसेकंदाला एक अक्षर येतं. तेवढ्यात प्रोसेसरनं उचललं नाही, तर पुढचं अक्षर त्याला पुसून टाकतं. उपाय दोनच: वेग कमी करा, नाहीतर १६ अक्षरांची रांग सांभाळणारी १६५५०ए चिप बसवा.

असो. तेव्हापासून मी रांगेला नावं ठेवत नाही!