शास्त्राधार आणि उपासना : प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेतील एक वाद

प्रस्तावना

ख्रिस्ती मंडळीच्या सार्वजनिक उपासनेत कशाला स्थान असावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ विधींचा वाटतो. सोळाव्या व सतराव्या शतकांतील युरोपात मात्र त्यावरून मूर्ती हटविल्या गेल्या, ऑर्गन मोडले गेले आणि अनेक धर्मोपदेशकांना आपली पदे गमवावी लागली. या वादातील सर्वच सुधारक पवित्र शास्त्र हे सर्वोच्च प्रमाण मानीत होते. असे असूनही त्यांच्या उपासनापद्धती परस्परांहून भिन्न का झाल्या, आणि सदसद्विवेकाच्या मुक्ततेसाठी मांडलेले तत्त्व सक्तीचे साधन कसे बनले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

दोन तत्त्वे

मार्टिन ल्यूथरच्या मते, शास्त्राने ज्याचा निषेध केलेला नाही आणि जे सुवार्तेला बाधक नाही, ते ठेवण्यास हरकत नव्हती. १५२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जर्मन मिस्सा-विधीत म्हणूनच वेदी, वस्त्रे व मेणबत्त्या यांना तूर्त स्थान राहिले. स्वित्झर्लंडमधील सुधारकांनी याउलट भूमिका घेतली. शास्त्राने जे सांगितले तेवढेच उपासनेत असावे. जे सांगितलेले नाही ते निषिद्धच समजावे, असे त्यांचे म्हणणे होते. परमेश्वराने न सांगितलेला अग्नी अर्पण केल्यामुळे नादाब व अबीहू यांना प्राण गमवावे लागल्याची लेवीय पुस्तकातील (अध्याय १०) कथा, तसेच आज्ञेत भर घालू नये व काही कमीही करू नये हा अनुवाद (१२:३२) मधील आदेश, हे या पक्षाचे प्रमुख आधार होत.

एक वचन, दोन अर्थ

तथापि 'शास्त्रात सांगितले आहे तेवढेच' हे ठरविणेही सोपे नव्हते. कलस्सैकरांस पत्रात (३:१६) स्तोत्रे व गीते अंतःकरणात गाण्याचा उपदेश आहे. झुरिकचा सुधारक झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्ये वाजविणारा निपुण संगीतज्ञ होता. पण त्याने या वचनातून मौन, आंतरिक स्तवनाचा अर्थ काढला. झुरिकच्या चर्चमधून १५२४ मध्ये मूर्ती काढण्यात आल्या, १५२५ मध्ये मिस्सा बंद होऊन प्रभुभोजनासाठी लाकडी पात्रे आली आणि १५२७ मध्ये मुख्य चर्चमधील ऑर्गन मोडण्यात आला.

जिनिव्हात जॉन कॅल्व्हिनने त्याच वचनाच्या आधारे संपूर्ण मंडळीच्या गायनाचा पुरस्कार केला. वाद्ये मात्र त्याला जुन्या करारातील मंदिरसेवेपुरती वाटत. मारो व बेझ यांनी फ्रेंच पद्यात आणलेली सर्व १५० स्तोत्रे १५६२ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली. चर्चमध्ये ती वाद्यांविना, एकसुरात गायिली जात. एकाच तत्त्वातून एका नगरात मौन आणि दुसऱ्यात सामुदायिक गायन निष्पन्न झाले.

इंग्लंडमधील संघर्ष

इंग्लंडच्या चर्चने आपल्या धर्मसूत्रांपैकी विसाव्या सूत्रात, शास्त्राच्या विरुद्ध नसलेले विधी ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. रिचर्ड हूकरने १५९३ पासून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या भूमिकेचे तात्त्विक समर्थन केले. प्युरिटन पक्षाचा आक्षेप बाप्तिस्म्यातील क्रुसाची खूण, पांढरा झगा, गुडघे टेकून प्रभुभोजन घेणे अशा बाबींवर होता. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न झग्याचा नसून सदसद्विवेकाचा होता. देवाने न घातलेले बंधन मनुष्याने का घालावे?

गृहयुद्धाच्या काळात सत्ता या पक्षाकडे आली. १६४४ मध्ये संसदेने चर्चमधील ऑर्गन काढण्याचा आदेश दिला. १६४५ मध्ये जुन्या प्रार्थनापुस्तकाऐवजी वेस्टमिन्स्टर धर्मसभेने तयार केलेली उपासना-निर्देशिका आली. याच सभेच्या विश्वासपत्रकात शास्त्रवाचन, प्रवचन, स्तोत्रगायन व संस्कार हे उपासनेचे घटक म्हणून नमूद आहेत. देव हाच सदसद्विवेकाचा एकमेव स्वामी आहे, असेही त्यात प्रतिपादन आहे. परंतु १६४५ च्याच एका अध्यादेशाने जुने प्रार्थनापुस्तक घरात वापरणेदेखील दंडनीय ठरविले : प्रथम ५ पौंड, नंतर १० पौंड दंड आणि तिसऱ्या वेळी एक वर्षाचा कारावास. राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर चक्र उलटे फिरले. १६६० ते १६६२ या काळात सुमारे २००० धर्मोपदेशक पदच्युत झाले.

घटक आणि परिस्थिती

वेस्टमिन्स्टरच्या मांडणीत एक महत्त्वाचा भेद आहे. उपासनेचे घटक शास्त्राने ठरवावेत; वेळ, स्थळ, क्रम यांसारख्या बाबी मात्र शास्त्राच्या सर्वसाधारण नियमांना धरून विवेकाने ठरवाव्यात. अनेकांना वाचता येत नसल्यास स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचून दाखवावी, अशी सूचना निर्देशिकेने केली, ती याच भेदानुसार. काळाच्या ओघात ही मर्यादा सैल झाली. आयझॅक वॉट्सच्या १७०७ च्या संग्रहानंतर नवरचित गीतेही इंग्रजी भाषक मंडळ्यांत रूढ होत गेली.

या परंपरेचा मराठी प्रदेशाशीही संबंध आहे. न्यू इंग्लंडमधील प्युरिटनांचा वारसा सांगणाऱ्या चर्चचे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशनशी अहमदनगर येथे संबंधित असलेल्या नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) पुढे भजनांच्या व अभंगांच्या वळणाची ख्रिस्ती गीते रचली. गायन हा घटक आणि त्याची चाल ही परिस्थिती, असे मानले तर अभंगाच्या छंदाला शास्त्राचा अडसर उरत नाही.

निष्कर्ष

शास्त्राधाराचा आग्रह मूलतः मनुष्यकृत बंधनांपासून उपासकाला मुक्त करण्यासाठी होता. त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार शासनाने आपल्याकडे घेताच ते तत्त्व स्वतःच बंधन झाले, आणि विरुद्ध पक्षाच्या हाती सत्ता गेल्यावरही तेच घडले. उपासनेत काय असावे, या प्रश्नाइतकाच ते कोणी व कोणत्या अधिकाराने ठरवावे, हा प्रश्नही म्हणूनच इतिहासकाराला महत्त्वाचा ठरतो.