बालवयातील लठ्ठपणा

वय, उंची आणि लिंग यांच्या मानाने मुलाच्या अंगात आरोग्याला बाधेल इतकी चरबी साठणे म्हणजे बालवयातील लठ्ठपणा. व्याख्या सोपी, ओळखणे अवघड. ‘गुटगुटीत’ हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावात आईबापांना पिढ्यान्‌पिढ्या धास्ती राहिली ती लेकरू वाळण्याची. ती धास्ती आजही खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. पण याच वयातल्या जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५–१६ मध्ये १.९ टक्के होते, ते या फेरीत ४.१ टक्क्यांवर गेले. एकाच अंगणवाडीच्या वजनकाट्यावर आता दोन्ही तऱ्हांची लेकरे चढतात.

या दोन टोकांचे नाते महाराष्ट्रातच उलगडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे बारकी, स्नायू कमी, तरी कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. ‘बारीक पण चरबीयुक्त’ बाळ ही कल्पना इथून पुढे आली. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापले गेले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के! म्हणून आपल्याकडे नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणे धोक्याचे.

मोजायचे कसे? किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय निघतो. दहा वर्षांचा मुलगा १३५ सेंटिमीटर उंच आणि ४२ किलोचा असेल, तर तो येतो २३. मोठ्या माणसात हा आकडा फारसा दचकवत नाही. या मुलाला मात्र तो जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर लठ्ठपणाच्या रेषेपलीकडे नेतो. मुलांचा आकडा नेहमी वयाच्या तक्त्यावरच ताडून पाहायचा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षांसाठी २०१५ मध्ये काढलेले वाढीचे तक्ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात. घरी एक साधी खूणही पुरते: सहा वर्षांवरच्या मुलाची कंबर त्याच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर दवाखाना गाठावा.

आणखी एक खूण न्हाणीघरात दिसते. मानेच्या मागे आणि काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा येतो. आई तो मळ समजून वज्रीने घासते, लेकरू रडते, पट्टा तसाच राहतो. तो मळ नसतोच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती पुष्कळदा पहिली खूण असते, आणि घासून सोलवटलेली मान पाहून जीव कळवळतो. अशा मुलाच्या रक्तातली साखर तपासून घ्यावी.

कारणांत आनुवंशिकता आहेच, पण रोजचा दिवस जास्त बोलतो. सकाळी चहात बुडवलेली बिस्किटे, शाळेच्या वाटेवर दुकानाच्या दारात लटकणाऱ्या पाच रुपयांच्या पुड्यांची माळ, संध्याकाळी मोबाइलसमोर भरवलेला घास. पुडा स्वस्त असतो आणि रडे लगेच थांबवतो; मजुरीहून दमून आलेल्या आईला त्याबद्दल बोल लावणे अन्याय्य आहे. हार्मोनचे आजार हे कारण क्वचितच असते. जास्त खाण्याने लठ्ठ झालेली मुले बहुधा वयाच्या मानाने उंच असतात; वजन वाढतेय आणि उंची खुंटलीय, असे दिसले तर थायरॉइड वगैरे तपासण्या टाळू नयेत.

उपाय उपासमारीचा नाही. वाढत्या वयात बहुतेक मुलांचे वजन आहे तिथे थोपवले तरी भागते. उंची वाढते आणि प्रमाण आपोआप सुधारते. ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी, अंडे किंवा मूठभर शेंगदाणे हे वऱ्हाडी ताट याला पुरेपूर आहे. रसाऐवजी अख्खे फळ द्यावे. शेगावची कचोरी सणासुदीला खुशाल खावी, रोजच्या डब्यात नको. दिवसाला किमान एक तास दम लागेल असा खेळ हवा. ‘जाड्या’ म्हणून चिडवणे घरातूनच बंद करावे. चिडवलेले मूल मैदान सोडते आणि चोरून खाते.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पालक शाळा व्यवस्थापन समितीत तो मांडू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा तपासणीला येते. त्या दिवशी नोंदवलेली उंची आणि वजन घरच्या वहीत तारखेसह उतरवून ठेवावे, म्हणजे पुढच्या खेपेला डॉक्टरांना दोन नोंदींमधला फरक दाखवता येतो.