फ्रेंच प्रेसची विसरलेली ऊब

फ्रेंच प्रेस घ्यायला दुकानात गेलं की फळीवर दोन भांडी शेजारी शेजारी मांडलेली असतात. एक काचेचं, धातूच्या चौकटीत बसवलेलं, आरपार दिसणारं. दुसरं दुहेरी भिंतीचं, पोलादी, हाताला जड आणि किमतीला बरंच चढं. पहिल्याची ओळख ‘ओरिजिनल’ अशी करून दिली जाते आणि दुसऱ्याची ‘यात कॉफी गरम राहते’ एवढीच. ऐकणाऱ्याचा समज असा होतो की खरी वस्तू काचेची, आणि ऊब ही नंतर कुणीतरी लावलेली झालर. इतिहास पाहिला तर गोष्ट जवळजवळ उलटी निघते. कॉफी करताना उष्णता कशी धरून ठेवायची हा प्रश्न दांडा आणि चाळणीच्या भांड्याहून जुना आहे. दांड्याच्या भांड्यानं तो मध्येच सोडून दिला, काचेनं तो झाकला, आणि पोलादी प्रेसनं तो पुन्हा हातात घेतला. कुठला प्रेस घ्यावा याचं उत्तर या क्रमात बरंचसं सापडतं.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडणारा माणूस कॉफीच्या धंद्यातला नव्हता. बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजे काउंट रम्फर्ड, हा १७५३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूनं राहिला, पुढे बव्हेरियाच्या राजदरबारी चाकरीला लागला. म्युनिकच्या कारखान्यात तोफा कोरताना धातू इतका तापतो कसा, यावर त्यानं १७९८ साली लिहिलेला निबंध पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. उष्णता हाच त्याचा आयुष्यभराचा विषय. लोकर, पिसं, फर यांत अडकलेली हवा ऊब का धरते, हे त्यानं तपासलं. त्याआधी, १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हवेपेक्षा निर्वात पोकळीतून उष्णता कमी जाते हेही दाखवलं. त्याच माणसानं १८१२ साली कॉफीवर एक लांबलचक निबंध लिहिला. त्याची तक्रार आजही ओळखीची वाटेल: तीच पूड, तेच पाणी, तरी आज कॉफी उत्तम आणि उद्या पाणचट. कारण त्यानं उष्णतेत शोधलं. कॉफी उकळायची नाही, कारण उकळीबरोबर सुगंध उडतो. पण ती निवूही द्यायची नाही, कारण निवताना पाण्यात वरखाली प्रवाह सुरू होतात आणि तेही सुगंध बाहेर नेतात, असं त्याचं म्हणणं. हे प्रवाहांचं स्पष्टीकरण आज जसंच्या तसं कुणी मान्य करणार नाही. उपाय मात्र पक्का होता. कॉफी गळण्याच्या भांड्याभोवती त्यानं दुसरं भांडं बसवलं आणि मधल्या जागेत उकळतं पाणी भरलं. दुहेरी भिंतीचं कॉफीचं भांडं ही आजच्या बाजाराची युक्ती नाही, हे सांगायला एवढा पुरावा पुरे.

दांड्याचं भांडं यानंतर चाळीस वर्षांनी आलं, आणि त्याला वेगळीच काळजी होती. १८५२ साली पॅरिसमध्ये मेयर आणि देलफोर्ज या दोघांनी ज्या साधनाचं पेटंट घेतलं त्यात एका दांड्याला भोकं पाडलेला पत्रा लावलेला होता, पत्र्याच्या वर आणि खाली फ्लॅनेलचं कापड, आणि हे सगळं गोल उभ्या भांड्यात हातानं खाली दाबायचं. उद्देश एकच: चोथा खाली राहावा आणि वर नितळ कॉफी मिळावी. अडचण कडेला होती. चाळणी आणि भांड्याची भिंत यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी चोथा त्यातून वर येतो, आणि घट्ट बसवली तर दांडा खाली जात नाही. १९२९ साली मिलानच्या आत्तिलिओ कालिमानी आणि जुलिओ मोनेता यांनी चाळणीच्या कडेला स्प्रिंगची वेटोळी बसवून हा पेच सोडवला. आज कुठल्याही प्रेसची चाळणी उलगडून पाहा, जाळीच्या घेराला चिकटून बसणारी ती तारेची वेटोळी हाताला लागते. पुढे १९५८ साली फालिएरो बोंदानिनी यानं आपली आवृत्ती काढली आणि फ्रान्समधल्या क्लॅरिनेट बनवणाऱ्या एका कारखान्यात ती तयार होऊ लागली. नाव फ्रेंच, पण पॅरिसनं सुचवलेलं हे भांडं सुधारलं इटालियनांनी. या सगळ्या खटाटोपाचा जीव चाळणीच्या कडेत अडकलेला दिसतो. भिंतीकडे कुणाचं लक्ष नाही. त्याचं कारण सरळ आहे. दांडा दाबला की कॉफी लगेच कपात जाई, कप लगेच रिकामा होई, आणि दुसरी खेप हवी असेल तर विस्तव जवळच होता. उष्णता टिकवण्याची गरज तेव्हाच पडते जेव्हा पिणारा चुलीपासून लांब बसतो आणि हळूहळू पितो.

काचेनं या विस्मरणावर शिक्कामोर्तब केलं. साध्या काचेत एकदम उकळतं पाणी ओतलं की ती तडकते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी येनामध्ये ऑटो शॉटनं घडवलेली बोरोसिलिकेट काच आणि १९१५ पासून अमेरिकेत विकली जाणारी पायरेक्स यांच्यामुळे स्वयंपाकघरात उष्णता सोसणारी काच आली. प्रेसला ती मिळाली आणि कॉफी होणं हा बघण्याचा विषय झाला: वर चढणारा फेस, हळूहळू तांबूस होत जाणारं पाणी, खाली सरकणारी चाळणी. मायकेल केनच्या १९६५ सालच्या ‘द इपक्रेस फाइल’ या चित्रपटातला गुप्तहेर सुरुवातीलाच अशा प्रेसमध्ये स्वतःसाठी कॉफी करतो, आणि एकट्या पुरुषाच्या शहरी रुबाबाची ती खूण होऊन बसली. १९७४ साली डेन्मार्कच्या बोडम कंपनीनं आपला ‘बिस्ट्रो’ प्रेस आणला. ‘शांबोर’ या नावाचा जुना फ्रेंच नमुना आणि तो क्लॅरिनेटवाला कारखाना तिनं १९९१ साली विकत घेतला. काचेचा प्रेस जगभर गेला तो या काळात, म्हणून तोच मूळ वाटतो. दिसायला तो सुंदर आहेच. पण एका पातळ काचेपलीकडे खोलीतली हवा असली की कॉफी निवणारच. त्यात दोष काचेचा नाही, काचेला ते काम कधी सांगितलेलंच नव्हतं.

उष्णता धरण्याची दुसरी वाट मात्र चालूच राहिली होती, आणि ती रम्फर्डच्याच घरातून निघाली. १७९९ साली लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापन करणाऱ्यांत तो होता. त्याच संस्थेत १८९२ साली जेम्स ड्यूअरनं दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली काचेची बाटली तयार केली. तिचा हेतू गरम ठेवणं हा नव्हताच. द्रवरूप केलेले वायू बाहेरच्या उबेनं उकळून उडून जाऊ नयेत म्हणून ती केली होती. ड्यूअरनं पेटंट घेतलं नाही. बर्लिनच्या राइनहोल्ड बुर्गरनं त्या बाटलीला धातूचं कवच चढवून ती घरगुती वापराला आणली, १९०३ साली पेटंट घेतलं, आणि पुढच्या वर्षी ‘थर्मॉस’ हे नाव बाजारात आलं. ड्यूअर कोर्टात गेला आणि हरला. नाव इतकं रुळलं की १९६३ साली अमेरिकी न्यायालयानं तो सामान्य शब्द झाल्याचं मान्य केलं. मराठीनं त्याचा ‘थर्मास’ कधीच करून टाकला होता. दवाखान्यात पेशंटसाठी चहा नेणाऱ्या घरांना न्यायालयाचं मत विचारण्याची गरज नव्हती. काचेच्या थर्मासात दांडा मात्र घालता आला नसता, कारण चाळणीच्या तारेनं आतला नाजूक काचेचा थर खरवडला असता. त्यासाठी पोलादी भिंत हवी होती. अमेरिकेत विल्यम स्टॅन्लीनं १९१३ साली पोलादी बाटली काढली खरी, पण ती वजनदार होती; हलकी, निर्वात, स्टेनलेस स्टीलची बाटली जपानच्या निप्पॉन सॅन्सोनं १९७८ साली बनवली. या दोन्ही वाटा एकत्र आल्यावर आजचा पोलादी प्रेस झाला. चाळणी मिलानची, भिंत लंडनची.

यावर पहिला आक्षेप कॉफीच्या जाणकारांकडूनच येतो. भांडं गरम राहिलं तर दाबलेल्या चोथ्यातूनही कडवटपणा उतरतच राहणार, मग ऊब टिकवून मिळवलं काय? ऐकायला हे पटतं. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध केलेलं काम वेगळं सांगतं. पूड पूर्ण बुडवून केलेल्या कॉफीत पाणी आणि पूड यांच्यात समतोल येतो. पुडीच्या वजनाचा साधारण २१ टक्के भाग उतरला की उतरणं जवळजवळ थांबतं, आणि ८० ते ९९ अंशांच्या दरम्यान तापमान बदलून त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे चोथा खाली पडून आहे म्हणून कॉफी अखंड कडू होत जाते, ही भीती फुगवलेली आहे. आक्षेपाचा अर्धा भाग तरीही खरा आहे. गरम ठेवलेल्या कॉफीत रासायनिक बदल होत राहतात आणि तास उलटला की चव आंबटाकडे झुकते. कुठलीही भिंत ते टाळत नाही. पण मग तुलना कशाशी करायची? १९५४ साली जर्मनीत आलेल्या ‘विगोमाट’पासून विजेवरच्या कॉफीयंत्रांखाली जी तापती चकती आली, ती कॉफीला खालून सतत आच देते आणि जाळते. आच देणं आणि आहे ती उष्णता जाऊ न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रम्फर्डला हा फरक पुरता कळला होता.

दुसरा आक्षेप असा की पोलाद स्वतःच उष्णता पिऊन टाकतं, त्यामुळे सुरुवातीलाच कॉफी कोमट होते. हे कागदावर तपासता येतं. तेवढ्याच वजनाचं पोलाद तापायला काचेपेक्षा कमी उष्णता लागते. समजा आतली भिंत दोन्हीकडे ३०० ग्रॅमची आहे, खोली २५ अंशांवर आहे आणि ९५ अंशांचं एक लिटर पाणी ओतलं. काचेत पाणी चारएक अंशांनी उतरेल, पोलादात अडीचएक अंशांनी. दोन्ही ठिकाणी भांडं आधी गरम पाण्यानं विसळून घेतलं की हा तोटा नाहीसा होतो. खरा फरक पुढच्या अर्ध्या तासात पडतो, आणि तिथं काच हरते. ‘मग साध्या प्रेसमध्ये कॉफी करून थर्मासात ओतावी’ असं सांगणाऱ्यांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. ज्याला सकाळी केलेली कॉफी दोन तास पुरवायची आहे त्यानं हेच करावं. ओतताना धार हवेतून जाते, दुसरं भांडं आपला वाटा घेतं, धुवायला एक वस्तू वाढते. एवढी किंमत तिथं रास्त आहे. पोलादी प्रेसचं काम अर्धा-पाऊण तासाचं: पहिला कप आणि दुसरा कप यांच्यातलं अंतर.

तेव्हा निवड करताना ‘डबल वॉल’ या दोन शब्दांवर विसंबू नये. दोन भिंतींमध्ये नुसती हवा असू शकते किंवा निर्वात पोकळी, आणि रम्फर्डनं १७८६ सालीच दाखवलेला फरक आजही तोच आहे. खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर उकळतं पाणी भरून पाच मिनिटांनी भांड्याचा मधला भाग हातानं चाचपावा. तो कोमट लागला तर आत हवा आहे किंवा पोकळी फुटली आहे. तोंडाची कडा गरम लागणारच, कारण दोन्ही भिंती तिथं जोडलेल्या असतात. याहून जास्त लक्ष झाकणाकडे द्यावं. प्रेसच्या झाकणाला दांड्यासाठी भोक असतं आणि पुढे ओतायला चोच उघडी असते. वाफ तिथून निघून जाते, म्हणून कितीही चांगली भिंत असली तरी प्रेस म्हणजे थर्मास नव्हे. झाकण फिरवून चोच बंद करता येत असेल तर ते भिंतीच्या जाडीपेक्षा मोलाचं. शिवाय आकार: एकट्या माणसानं लिटरभराचं भांडं अर्धं भरून वापरलं तर वरच्या रिकाम्या जागेत उष्णता जाते. लहान भांडं काठोकाठ भरलेलं बरं.

आपल्याकडे या सगळ्याची गरज किती, हा प्रश्न उरतो, आणि बऱ्याच घरांत उत्तर ‘काहीच नाही’ असं आहे. जायफळ घातलेली मराठी कॉफी पातेल्यात दुधासकट उकळते आणि गॅसवरून थेट कपात येते. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांतल्या फिल्टर कॉफीत डिकॉक्शन सकाळपासून थंड पडलेलं असलं तरी चालतं, कारण ऊब त्यात ओतलेल्या वाफाळत्या दुधाची असते. दोन्ही रीतींनी उष्णतेचा प्रश्न दुधावर सोपवला. पुण्यामुंबईत बिनदुधाची कॉफी घेऊन लॅपटॉपसमोर तासभर बसणारा माणूस मात्र ओट्यापासून लांब गेलेला आहे, आणि पोलादी भिंत त्याच्यासाठी आहे. काचेचा प्रेस आधीच घरात असेल तर तो टाकून द्यायचं कारण नाही. पसरट पातेल्यात गरम पाणी घ्यावं, कॉफी मुरत असताना प्रेस त्यात उभा ठेवावा. चौकट ओली आणि तापलेली असते, तेव्हा उचलताना फडकं हाताशी असू द्यावं.