फाळक्यांचा वाटाणा आणि एडिटरचा बायोडेटा

व्हिडिओ एडिटरच्या बायोडेटात पदवीआधी शोरीलची, म्हणजे निवडक कामाच्या चित्रफितीची, लिंक द्यावी लागते. ही रीत परदेशातून आली, असं बहुतेक जण धरून चालतात. मला ती आपल्याच घरची वाटते.

जगातला पहिला बायोडेटा म्हणून लिओनार्दो दा विंचीचं १४८२च्या सुमाराचं पत्र दाखवतात. त्यात मिलानच्या सत्ताधीशाला त्याने आपण काय काय करू शकतो ते मुद्देसूद कळवलं आणि शेवटी, हवं तर करून दाखवतो, असंही लिहिलं. म्हणजे नमुना उधारीवरच राहिला.

तो रोख दाखवला दादासाहेब फाळक्यांनी. जे. जे.मधलं शिक्षण, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्यातला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, जादूचे प्रयोग: कागदावर मांडायला त्यांच्याकडे काय कमी होतं? पण १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज त्याच जागेवरून थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर भराभर वाढणारं रोप दाखवलं. ‘अंकुराची वाढ’ पाहून छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंत नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. हे छायाचित्रण झालं, संकलन नव्हे, असं कुणी म्हणेल. पण कित्येक दिवसांतले नेमके क्षण निवडून ते मिनिटा-दोन मिनिटांत बसवणं, यालाच तर संकलन म्हणतात! कात्री लागली नाही, इतकंच.

बायोडेटाचं दुसरं अंग म्हणजे श्रेय. त्याचं मूळ मी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात धरतो. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, फलक वाचतात, घासाघीस करतात, सुपारी देतात. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’, ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार’. त्या ‘सह’मध्ये फड कुणाकुणाच्या नावावर उभा आहे, हे एका ओळीत कळतं. गावकरी पारखी असतात. फलकावरचं नाव रात्री मंचावर दिसलं नाही, तर पुढच्या साली सुपारी दुसऱ्या फडाला जाते.

वाटाणा आणि राहुटी एकत्र आली ती लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटच्या काळात, असा माझा ठाम अंदाज आहे. आधीच्या लग्नाचं मिक्सिंग टीव्हीवर लावायचं, कुणाकुणाच्या घरचं काम केलं ते सांगायचं आणि पुढची ऑर्डर घ्यायची. हा बायोडेटाच होता, फक्त टाइप केलेला नव्हता.

म्हणून जुन्नर-आंबेगावातली मुलं पुण्या-मुंबईत कामाला अर्ज करतात, तेव्हा माझा आग्रह असतो: रील मिनिट-दीड मिनिटाची ठेवा, उत्तम काम पहिल्या दहा सेकंदांत येऊ द्या. प्रीमिअर, रिझॉल्व्ह ही सॉफ्टवेअरची नावं खाली एका ओळीत पुरेत. प्रत्येक कामापुढे कट तुमचा, रंग तुमचा की ध्वनी, ते स्पष्ट लिहा. दुसऱ्याने केलं असेल तिथे त्याचं नाव ‘सह’ म्हणून द्या.