पांदण, धुरा आणि हेगचं न्यायालय

मोहाडीसारख्या धानाच्या मुलखात आंतरराष्ट्रीय कायद्याची सुरुवात आपण बांधीपासूनच करू. आपलं शेत आतल्या बाजूला असलं की शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून जावं लागतं. वर्षानुवर्षं गेलो की वहिवाट पडते. पण वहिवाट म्हणजे मालकी नव्हे. एवढं लक्षात ठेवू.

१८९९ मध्ये हेगला पहिली शांतता परिषद भरली. २६ राष्ट्रं जमली, युद्धाचे नियम ठरले आणि तंटे मिटवायला कायमचं लवाद न्यायालय स्थापन झालं. १९०७ च्या दुसऱ्या परिषदेला ४४ राष्ट्रं होती. जपान, चीन, सयाम, इराण होते, आपण नव्हतो. पारतंत्र्यातल्या देशाला तिथे खुर्ची नव्हती.

त्याची किंमत आपल्या भागाने आधीच मोजली होती. भंडारा भोसल्यांच्या नागपूर राज्यात होता. इंग्रजांशी त्या राज्याचे रीतसर तह होते. तरी १८५३ मध्ये तिसरे रघुजीराजे वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं. राण्यांनी दाद मागितली. पण कुणाकडे? ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याचकडे! तिसरा पंच नव्हताच.

आता १९५४ मध्ये येऊ. दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून सुटले. दमणहून तिथे जायची वाट भारतातून होती, ती आपण बंद केली. १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्यांचा आधार होता १७७९ चा पेशव्यांशी झालेला पुण्याचा तह.

गंमत बघा, तो तह वैध नाही असं आपलाच पक्ष म्हणत होता. न्यायालयाने ते मानलं नाही. अठराव्या शतकातला तह आजच्या रीतींनी मोजू नये, मराठ्यांनी तो पाळला होता, असं १९६० च्या निकालात आहे. मात्र त्या तहाने पोर्तुगिजांना गावांचा महसूल मिळाला, सार्वभौमत्व नाही. ते इंग्रजांच्या काळात मूकपणे मान्य झालं.

आणि वाटेचं काय? खाजगी माणसं, मुलकी अधिकारी, सामान्य माल यांची वहिवाट न्यायालयाने मानली. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांची मानली नाही. तिथे परवानगीच लागायची. त्यावेळच्या तणावात वाट अडवून भारताने कर्तव्य मोडलं नाही, असंही ठरलं.

म्हणजे आपला एक युक्तिवाद पडला, तरी खटल्यात आपल्याला दोष लागला नाही. १८५४ मध्ये नागपूरच्या राण्यांना असा पंच मिळाला नव्हता. शांतता परिषदांनी युद्धं थांबवली नाहीत, १९१४ ते सांगतंच. पण दोघांच्या भांडणात तिसऱ्याने कागद वाचून बोलायचं, ही सवय जगाला तिथूनच लागत गेली.