धावत्या रक्ताचा फोटो

मंडळी, "हा बग नाही, फीचर आहे" हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात निर्लज्ज विनोद. टेस्टरनं काही पकडलं की चेहरा गंभीर ठेवून हे वाक्य टाकायचं. पण एका ठिकाणी ते अक्षरशः खरं ठरलंय, आणि तिथे माणसांच्या मेंदूचा प्रश्न होता. मी बोलतोय एमआर अँजिओग्राफीबद्दल, म्हणजे धमनीत नळी न घालता, चुंबकाच्या मदतीनं ती कुठे चिंचोळी झालीये ते बघण्याबद्दल.

आधी ही गरज कुठून आली ते बघू. मानेवर बाजूला बोटं ठेवली की ठोके लागतात ना, त्या कॅरोटिड धमन्या. मेंदूचं बरंचसं रक्त त्यांच्यातूनच वर जातं. वय, सिगरेट, डायबेटिस, बीपी या सगळ्यांच्या कृपेनं आत चरबीचा थर साचतो, वाट अरुंद होते. त्यावरची एखादी गुठळी सुटून वर गेली की अर्धांगवायूचा झटका.

साध्या एक्स-रेमध्ये रक्त वेगळं दिसत नाही. लिस्बनच्या एगास मोनिझनं १९२७ मध्ये यावर तोडगा काढला: मानेतल्या धमनीत आयोडीनयुक्त द्रावण टोचायचं आणि लगेच एक्स-रे काढायचा. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्या पहिल्यांदाच दिसल्या. मात्र त्याआधी दुसरं द्रावण वापरून केलेल्या प्रयत्नांत एक पेशंट दगावला होता. पुढे १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगरनं सुई, तार आणि नळी अशी सुटसुटीत पद्धत दिली. आज जांघेतून किंवा मनगटातून अँजिओग्राफी होते ती त्याच युक्तीवर.

१९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ज्यांना छोटा झटका येऊन गेलाय आणि ज्यांची कॅरोटिड ७० ते ९९ टक्के अरुंद आहे, अशांपैकी नुसत्या औषधांवर ठेवलेल्या २६ टक्के लोकांना २ वर्षांत त्याच बाजूचा झटका आला. धमनी उघडून थर काढण्याचं ऑपरेशन केलेल्यांत हेच प्रमाण होतं ९ टक्के. एका झटक्यात ७० हा आकडा डॉक्टरांच्या प्रोग्रॅममधली 'इफ कंडिशन' होऊन बसला. आता तो आकडा अचूक मोजायला हवा, आणि मोजायची खात्रीची पद्धत म्हणजे नळी घालून केलेली अँजिओग्राफी. १९९५ मध्ये दुसऱ्या एका चाचणीत दिसलं की या अँजिओग्राफीमुळेच १.२ टक्के लोकांना झटका आला. म्हणजे झटका टाळायला ऑपरेशन, ते करायचं की नाही हे ठरवायला तपासणी, आणि तपासणीतच झटका! बरं, या चाचणीतल्या लोकांना आधी काहीच त्रास नव्हता.

आता जरा मागे जाऊ. १९४६ मध्ये अमेरिकेत पर्सेल आणि ब्लॉक यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की चुंबकात ठेवलेल्या पदार्थाला ठरावीक रेडिओ लहर दिली की त्यातले अणुगर्भ 'उत्तर' देतात. पाच वर्षांनी, १९५१ मध्ये, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या जी. सूर्यन यांनी एक साधी गोष्ट छापली: नळीतलं पाणी वाहतं ठेवलं की सिग्नल वाढतो. हो, आपल्या बंगळूरमध्ये! आज त्या गावात आपले निम्मे मित्र आहेत, पण हे नाव त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

सिग्नल का वाढतो? विसर्जन मिरवणुकीतला एखादा चौक डोळ्यासमोर आणा. चौकात उभी असलेली मंडळी प्रत्येक ठेक्यावर नाचून दमलीयेत, हात वर जात नाहीत. तेवढ्यात मागच्या गल्लीतून ताज्या दमाचं टोळकं आत शिरतं. नाचताना उठून कोण दिसणार? स्कॅनर शरीराच्या एका कापावर रेडिओ लहरींचा मारा करत राहतो. तिथला जागचा स्नायू, चरबी 'दमतात', अंधूक होतात. बाहेरून नुकतंच आलेलं रक्त मात्र चमकतं. बास, एवढंच.

१९५९ मध्ये बर्कलीच्या जेरोम सिंगरनं हेच तंत्र उंदराच्या शेपटीतल्या रक्तप्रवाहावर वापरलं. १९७३ मध्ये लॉटरबरनं चुंबकीय अनुनादातून चित्र काढून दाखवलं, आणि ८० च्या दशकात एमआरआयची मशिनं हॉस्पिटलांत आली. तिथे वाहतं रक्त म्हणजे डोकेदुखी होती. धमनी कधी काळी, कधी पांढरी, कधी तिची भुतं चित्रभर पसरलेली. बग!

मग काही लोकांनी हा बगच उलटा वापरला. १९८५ मध्ये वेडीन आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या ठोक्याच्या दोन वेगळ्या क्षणांची चित्रं घेऊन एकातून दुसरं वजा केलं. आपल्या भाषेत 'डिफ' काढला. जागचं सगळं गायब, उरल्या फक्त धमन्या. १९८६ मध्ये डुमुलिन आणि हार्ट यांनी हलत्या रक्ताच्या सिग्नलची फेज बदलते, त्यावरून चित्र काढलं. ना नळी, ना डाय, ना एक्स-रे.

पण थांबा. हा फोटो धमनीचा नाही, प्रवाहाचा आहे. अरुंद जागेच्या पुढे रक्त गिरक्या घेतं, भोवरे होतात आणि सिग्नल हरवतो. त्यामुळे वाट आहे त्यापेक्षा जास्त बंद दिसू शकते. ६० चे ७५ दिसले तर? वरच्या 'इफ कंडिशन'चं उत्तरच बदललं, आणि गळ्यावर सुरी चालवायची की नाही याचंही.

म्हणून १९९० च्या दशकात मार्टिन प्रिन्स वगैरेंनी हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम देऊन स्वच्छ चित्रं मिळवली. सगळे खूश. मग २००६ मध्ये लक्षात आलं की किडनी निकामी असलेल्या काही लोकांची कातडी दगडासारखी कडक होण्यामागे हेच औषध असावं. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. नव्या प्रकारच्या गॅडोलिनियममध्ये हा धोका फारच कमी आहे, पण त्या काळात डाय न वापरणाऱ्या जुन्या पद्धतींकडे लोक पुन्हा वळले.

आज कॅरोटिडसाठी सहसा आधी डॉपलर सोनोग्राफी करतात, मग सीटी किंवा एमआर अँजिओ. नळीची पाळी कमी वेळा येते. थोडक्यात काय, घरच्या कुणाच्या रिपोर्टवर '७० टक्के' दिसलं तर घाबरण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: हा आकडा कोणत्या तपासणीतून आला, आणि दुसऱ्या तपासणीशी तो जुळतो का? किडनीचा त्रास असेल तर तेही आधीच सांगा. मी तरी आता हे विचारल्याशिवाय सही करणार नाही. :)