केळीचे आजोळ

रावेर-यावलकडे कोणी ‘टिश्यूची रोपं’ म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनात ग्रँड नैन केळीच येते. 1990च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ही रोपे प्रयोगशाळेत वाढवून शेतकऱ्यांपर्यंत नेली. ठिबकच्या जोडीने अठरा महिन्यांची बाग वर्षाच्या आसपास कापणीला येऊ लागली. त्यामुळे ऊतिसंवर्धन, म्हणजेच टिश्यू कल्चर, हे केळीचेच तंत्र, असे खानदेशात वाटणे स्वाभाविक आहे. पण या तंत्राचे आजोळ फुलबागेत आहे, आणि ते नाते ध्यानात घेतले तरच त्याचे बळ आणि मर्यादा दोन्ही समजतात.

वनस्पतीच्या सुट्या पेशीतून अख्खे रोप घडू शकेल, हा विचार ऑस्ट्रियाच्या हाबरलांड्ट यांनी 1902 मध्ये मांडला. त्यांच्या काचपात्रातल्या पेशी जगल्या, पण त्यांचे विभाजन झाले नाही. पुढे 1952 मध्ये फ्रान्सच्या मोरेल आणि मार्टिन यांनी विषाणूग्रस्त डेलियाच्या शेंड्याचा अगदी बारीक, वाढता भाग निर्जंतुक माध्यमात वाढवला. त्या टोकापर्यंत विषाणू बहुधा पोचत नाही. निघालेले कोंब निरोगी रोपांवर कलम केले आणि रोगमुक्त डेलिया मिळाला. 1960 मध्ये मोरेल यांनी सिंबिडियम ऑर्किडवर हीच रीत वापरली, तेव्हा एका शेंड्यातून अनेक रोपे करण्याची वाट सापडली. यावर कोणी म्हणेल, संप्रेरकांचे प्रमाण स्कूग व मिलर यांना 1957 मध्ये आणि आजही वापरात असलेले पोषक माध्यम मुराशिगे व स्कूग यांना 1962 मध्ये तंबाखूवरच्या कामातून गवसले. मग श्रेय फुलांना का? रसायन तंबाखूने दिले हे खरेच. पण रोग काढणे आणि हुबेहूब रोपे वाढवणे, ही दोन्ही कामे आधी फुलांवर साधली. निवडक रंगाचा डेलिया बियांतून तसाच उतरत नाही. खाण्याच्या केळीत तर बीच धरत नाही. ती कंदांनी वाढते आणि कंदाबरोबर रोगही पुढच्या बागेत जातो. अडचण एकच होती, म्हणून फुलांचा उपाय केळीला लागू पडला.

टिश्यूच्या बागेतही सीएमव्ही, म्हणजे हरण्या हा विषाणूजन्य रोग, येतोच, ही तक्रार खरी आहे. रोप निरोगी असले म्हणजे त्याला रोगप्रतिकारशक्ती आली असे नव्हे. शेजारच्या काकडीवर्गीय पिकातून मावा विषाणू आणतो. सगळीकडे एकच वाण लावण्यात धोका आहे, हा आक्षेपही रास्त आहे. मात्र ग्रो मिशेल केळीच्या एकसुरी बागा पनामा मर रोगाने उद्ध्वस्त झाल्या, त्या कंदांनीच लावलेल्या होत्या. दोष एकाच वाणावर विसंबण्याचा आहे, प्रयोगशाळेचा नाही. मात्र मातृरोप रोगट असेल, तर हेच तंत्र रोगाच्याही हजारो प्रती काढते. ते टाळण्यासाठीच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 मध्ये ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली. लागवड मृगबागेची असो वा कांदेबागेची, केळीच्या कोणत्याही हंगामात रोपांचा भाव विचारण्याआधी विषाणूचाचणीचे प्रमाणपत्र मागा.